तागडीतली पुस्तकं

आधीच माफी मागून ठेवते. हे कोणाला दाखवायचं नाही असं ठरवलं आहे, तरीही मागते, कारण मी गेल्यावर ट्रंक कोणीतरी उघडेलच. माझं शुद्धलेखन चौथीतलं आहे आणि अक्षर त्याहून लहान इयत्तेतलं. पहिली वेलांटी कुठली आणि दुसरी कुठली हे गुरुजींनी सांगितलं त्या दिवशी मी बहुतेक गैरहजर होते, आमच्याकडे केळीचा घड उतरवायचा होता. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या टोकाला पोचेपर्यंत उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली घसरते. वाचणाऱ्याने पान थोडं तिरपं धरावं, म्हणजे ओळ सरळ होईल. मी तसंच करते.

मी फैजपूरजवळच्या खेड्यातली. शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची शाळा लांब होती आणि मी इतकी लाजाळू होते की पाव्हणा आला की धान्याच्या कणगीमागे जाऊन उभी राहायचे. धुळ्याची आत्या एकदा आली, तिने मला कणगीमागून ओढून काढलं आणि माझ्या वडिलांना, म्हणजे भाऊंना म्हणाली की ही पोर माझ्याकडे दे, उन्हाळ्याचं काम पडलंय आणि मला हात कमी पडतात. भाऊंनी होकार दिला. जळगावला एसटी बदलून आम्ही धुळ्याला गेलो. सगळा रस्ता मी आत्याच्या पदराआड तोंड घालून बसले होते, त्यामुळे पारोळा कसं दिसतं हे मला लग्नानंतर कळलं.

आत्याचं काम पापडाचं. लग्नघरांच्या, दुकानांच्या ऑर्डरी असायच्या. पहाटे उडदाचं पीठ भिजवायचं, मुसळाने कुटायचं, आणि दुपारी गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या. ही तिकडची रीत. दुसऱ्याच्या लाटण्यावर हात बसत नाही म्हणतात. ओसरीवर त्या गोल बसल्या की पंधरा-वीस लाटण्यांचा एकच आवाज सुरू व्हायचा, मोठा पाऊस पत्र्यावर पडावा तसा, आणि मध्ये कोणीतरी लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची. पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून ज्याने खाल्ली नाही त्याला मी काय सांगू. आता डॉक्टरने मला पापड बंद केलाय. लाटीबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

माझा पापड मात्र गोल होईना. एक टोक इकडे, एक तिकडे. गल्लीतली सगळ्यात थोरली बाई म्हणजे अक्का, दात एकही नाही पण सगळ्यांवर हुकूम तिचा. ती माझा पापड उचलून नकाशासारखा उजेडात धरायची आणि हा साक्री तालुका, हा शिरपूर तालुका असं बायांना दाखवायची. मला उठवून पापड वाळत घालायच्या कामावर लावलं.

आता पुस्तकांचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी शेठजींचं किराणा दुकान होतं. त्यांचे आजोबा कधीतरी मारवाडातून आलेले. पुड्या बांधायला ते रद्दी घ्यायचे आणि रद्दीत पुस्तकंही यायची. कुणी घर बदललं, कुणी वारलं, कुठली शाळा बंद पडली, की गोणी भरून यायच्या. लोक रद्दी आणून तागडीत टाकायचे, शेठ वजन करायचे आणि मागच्या ढिगात भिरकावायचे. मी एकदा साखर आणायला गेले आणि त्या ढिगाकडे बघतच राहिले. शेठाणी मागच्या दारात डाळ निवडत होत्या. त्यांनी काय ओळखलं कोण जाणे, नवऱ्याला म्हणाल्या, पोरीला एक वाचायला द्या, कुठे खाऊन टाकणार आहे. शेठ व्यवहाराचे पक्के. त्यांनी पुस्तक तागडीत टाकलं, वजन केलं आणि म्हणाले, संध्याकाळी एवढंच वजन परत पाहिजे. म्हणजे पान कमी झालं तर त्यांना कळावं. तेव्हापासून तीच पद्धत. दुपारी वजन करून न्यायचं, दिवे लागायच्या आत वजन करून परत करायचं. मी शेठशी एक शब्द बोलायचे नाही. पुस्तक तागडीत ठेवायचं, काट्याकडे बघायचं, शेठची मान हलली की पळायचं.

पहिलं पुस्तक बैलांच्या रोगांचं होतं. मी ते वाळत घातलेल्या पापडांशेजारी, उभ्या केलेल्या बाजेमागे बसून वाचत होते. बाजेवर जुनं लुगडं टाकलेलं, मागे मी. मला मनात वाचता यायचं नाही, अजूनही येत नाही, ओठ हलतात आणि आवाजही होतो. खुरांना कीड लागली तर काय करावं हे मी मोठ्या भक्तिभावाने वाचत होते आणि अचानक लाटणी थांबली. मला वाटलं आता आत्या मारणार. पण पलीकडून अक्काचा आवाज आला, "मंग काय करानं त्या खुरले? वाच ना वं पोरी." मी बाजेमागूनच वाचलं. पुस्तकात लिहिलेला उपाय अक्काला पटला नाही. ती म्हणाली, याला कधी बैलाने लाथ मारलेली दिसत नाही. त्यावरून बायांचं असं भांडण पेटलं की संध्याकाळपर्यंतचं काम उन्हं कलायच्या आत संपलं आणि आत्याच्या लक्षात आलं की पोरगी वाचत असली की हात भराभर चालतात. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा ठरली. बाज उभी, लुगडं पाठीशी, आणि मागून माझा आवाज. मला कोणी दिसत नव्हतं, मी कोणाला दिसत नव्हते. एवढं सुख मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

त्या बाजेमागे मी काय काय वाचलं. एक पुणेरी स्वयंपाकाचं पुस्तक आलं, त्यात आमटीत गूळ आणि चार माणसांना मिळून मिरची एकच. बाया इतक्या हसल्या की अक्काच्या हातातली लाटी उडून पिठात पडली. पुढे कित्येक दिवस कोणाची भाजी मिळमिळीत झाली की पुस्तकातली झाली म्हणायचे. एक भुताचं आलं. ते वाचल्यावर भर चार वाजता, लख्ख उन्हात, बाया जोडीजोडीने घरी गेल्या. एक ताऱ्यांचं होतं. पृथ्वी फिरते हे मी शाळेत ऐकलं होतं, पण इतक्या वेगाने फिरते हे त्यात लिहिलं होतं. आत्या म्हणाली, मग माझे डबे फळीवरून पडले असते. मला मात्र खरं वाटलं, आणि त्या रात्री गच्चीवर झोपताना मी अंथरुणाची कड घट्ट धरून ठेवली. कवितांचं एक पातळ पुस्तक होतं. त्यातल्या एका कवितेत विहिरीत पडलेल्या बादलीचं काहीतरी होतं. अक्का त्यात झोपली, मला अर्थ कळला नाही, पण मी ती तीनदा वाचली आणि रडले, आणि का रडले ते आजही सांगता येणार नाही. नात म्हणते कविता समजावी लागत नाही. एवढी फी भरून तिला कॉलेजात हेच शिकवलं असेल तर मला ते बाजेमागे फुकट कळलं होतं.

पण सगळ्यात रंगलं ते पत्रं कशी लिहावीत हे शिकवणारं पुस्तक. त्यात नमुन्याची पत्रं होती. पहिल्यात मुलगा वसतिगृहातून वडिलांना पैसे मागतो. दुसऱ्यात कोणीतरी कोणाचं नोकरीबद्दल अभिनंदन करतो. पुढे लग्नाचं आमंत्रण, मग आजारी असल्याचा रजेचा अर्ज, मग सांत्वनाचं पत्र. आम्हाला कोणालाच कळलं नाही की ही वेगवेगळ्या माणसांची पत्रं आहेत. एकाच घराची गोष्ट समजून आम्ही ऐकत होतो. केवढं सोसलं त्या घराने. पोराला नोकरी लागते न लागते, लग्न होतं न होतं, तोच तो आजारी, आणि पुढच्याच पानावर सांत्वन. बाया पदराने डोळे पुसत लाटत होत्या, ती सून आता माहेरी जाईल की सासरी राहील याची चर्चा झाली. त्यानंतरचं पत्र नगरपालिकेला होतं, नळाला पाणी येत नाही म्हणून. अक्का म्हणाली, घरमां मानूस मरेल शे आनि यासले नळनी पडेल शे. माणुसकी राहिली नाही असं सगळ्यांचं मत पडलं.

आत्याचे यजमान, नाना, एसटी डेपोत रात्रपाळीला होते. दुपारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी हळू वाचायला जायचे, आणि नेमकं त्याच वेळी आतून त्यांना खोकला यायचा. आवाज वाढवला की खोकला थांबायचा. उन्हाळ्याची धूळ, असं आत्या म्हणायची.

मग ती डॉक्टरची कादंबरी आली. जाडजूड, पुठ्ठा सुटलेला. डॉक्टरची बायको पुरात वाहून गेलेली, डॉक्टर झुरतोय, घरचे त्याचं दुसरं लग्न एका चांगल्या मुलीशी ठरवतात, आणि त्याच्याच दवाखान्यात एक नर्स आहे जिचा अर्धा चेहरा नेहमी पदराने झाकलेला. ही नर्स कोण हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं होतं, फक्त डॉक्टरला कळत नव्हतं. रोज थोडी थोडी वाचायची, संध्याकाळी वजन करून परत. पिठाच्या हातांनी पुस्तक इकडून तिकडे फिरायचं, तेलाचे डाग पडायचे, त्यामुळे ते नेल्यापेक्षा जड होऊन परत यायचं. शेठ काट्याकडे बघून म्हणायचे, याच्यात नफा आहे. बायांत दोन पक्ष पडले होते. आत्या दुसऱ्या मुलीच्या बाजूने, तिचा काय दोष म्हणून. अक्का पहिलीच्या बाजूने. शेठाणीही आता दुपारी आमच्यात येऊन बसायच्या, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि त्या मधेच विचारायच्या, "आगे कांई हुयो?"

गोष्ट शेवटाला आली होती. लग्नाचा मांडव पडला होता, नर्स दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. संध्याकाळ झाली, मी पुस्तक घेऊन दुकानात गेले, तर शेठ जळगावला लग्नाला गेलेले. गल्ल्यावर त्यांचा मेहुणा बसला होता. अनोळखी माणूस. माझ्या तोंडातून शब्द फुटणं शक्यच नव्हतं. मी नेहमीसारखं पुस्तक तागडीत ठेवलं, काट्याकडे बघितलं आणि पळाले. त्याने काय समजावं? तागडीत ठेवलेला कागद म्हणजे रद्दी. वर मी पैसेही न घेता पळाले, म्हणजे त्याला चांगलंच गिऱ्हाईक मिळालं. त्याने सुटलेला पुठ्ठा फेकला आणि पुस्तक पालथं टाकून मागच्या पानापासून पुड्या बांधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दुपारी गेले तर शेठाणी दारातच उभ्या होत्या, हातात उरलेलं पुस्तक. मांडव होता. पुढचं काही नव्हतं.

मी ते घेऊन परत आले आणि बाजेमागे जाऊन बसले. मग आत्याने विचारलं, मी रडत रडत सांगितलं. कोणी मला रागावलं नाही, ते राहूनच गेलं, कारण अक्काने लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं की काल संध्याकाळी दुकानातून कोणी काय आणलं. एवढंच. बाया उठल्या. पापडाचं पीठ तसंच उघडं ठेवून उठल्या, जे त्या घरात मयत झाली तरी झालं नसतं. कोणी जिऱ्याची पुडी आणली, कोणी हळदीची, कोणी तूरडाळीची पुडी डाळीसकट आणली. एकीच्या सासूने पान चुलीत घातलं होतं, त्या सासूचा उद्धार झाला. शेठाणी तर गल्लीबाहेर जाऊन दोन घरांतून साखर परत डब्यात ओतून कागद घेऊन आल्या, आणि येताना त्यांना असा दम लागला होता की त्या ओसरीवर आडव्याच झाल्या. कोणाच्या तरी धक्क्याने बाज आडवी पडली. कोणी ती उचलली नाही. सगळ्या माझ्याभोवती दाटल्या, मी पानांचे आकडे बघत ती लावत बसले, हळदीचं पान, गुळाचं चिकट पान, हिंगाचा वास येणारं पान, आणि जसजशी लागतील तसतशी, जळालेलं एक ओलांडून, मोठ्याने वाचत गेले. नर्स पायऱ्या उतरली. पदर सरकला. डॉक्टरने ओळखलं. "ती घर उनी का नही?" आली का, आली का, असं अक्का माझा दंड धरून विचारत होती. मी पुढचं पान शोधलं. नव्हतं. शेवटचं पानच नव्हतं.

मग आतून खोकला आला.

नाना दारात उभे होते, लुंगीवर, केस विस्कटलेले, आणि हातात घडी घातलेला कागद. काल पाळीवर जाताना त्यांनी दुकानातून शेंगदाणे घेतले होते. पुडी डेपोत उघडली, दाणे खाल्ले आणि कागद वाचला. आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर परत आत गेला असता. तिने विचारलं, कालपासून खिशात ठेवून बसलात? नाना म्हणाले, "तुम्हा बायांना सोसणार नाही असं वाटलं. मलाच रात्री ड्युटी सुचली नाही."

मी वाचलं. डॉक्टर हात पुढे करतो, म्हणतो घरी चल. नर्स म्हणते, मांडवात उभी आहे तिच्याशी लग्न करा, माझी आगगाडीची वेळ झाली. लांबच्या गावात ती स्वतःचा दवाखाना काढणार असते. गाडी सुटते. संपलं. आत्या जिच्या बाजूची ती मुलगी जिंकली होती आणि अक्काची नर्स हरली नव्हती, त्यामुळे भांडायचं कसं हेच कोणाला कळेना. मग अक्का म्हणाली, "बरं करं बाईनी." आणि सगळ्या एकदम हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, शेठाणींना तर उचकीच लागली. त्या गोंधळात माझ्या लक्षात आलं की मी एवढ्या सगळ्यांच्या मध्ये बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत, अख्खा शेवट वाचला होता. लक्षात आल्यावर मी लुगडं डोक्यावर ओढून घेतलं, पण उशीर झाला होता.

शेठ परत आले. मेहुण्याची कानउघाडणी झाली, पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काही आठवड्यांवर आली होती. आखाजीला घरोघरी माहेरवाशिणी येतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पुड्या लागतात. मागची अख्खी गोणी फाडायला काढायची होती. त्यात मी न वाचलेली किती पुस्तकं होती, मी वरून वरून बघितली होती, एकावर तर जहाजाचं चित्र होतं. वाचवायची तर गोणी रद्दीच्या भावाने विकत घ्या, म्हणाले. मी घरी येऊन जेवले नाही. शेठाणींनी मग नवऱ्याला काय सांगितलं ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी गोणी आत्याच्या ओसरीवर होती. उधार. आखाजीच्या आत पैसे पोचले पाहिजेत, नाहीतर गोणी परत.

आत्या म्हणाली, फुकट काही मिळत नाही, लाट आणि फेड. शेकड्यामागे जे बाकीच्यांना ते तुला. मी पोळपाट घेतलं. गोल पापड तेवढे मोजायचे ठरलं, वाकडे नानांनी भाजून खायचे. पहिल्या दिवशी नानांचं पोट भरलं. आणि मोठी अडचण अशी की मी लाटायला बसले तर वाचणार कोण? ओसरीवर दुसऱ्या कोणाला अक्षर येत नव्हतं. नाना झोप सोडून पुढे आले. त्यांनी जहाजाचं पुस्तक घेतलं आणि डेपोत गाडी पुकारतात त्या आवाजात वाचायला लागले. वादळ आलं तरी त्याच आवाजात, कप्तान मेला तरी त्याच आवाजात, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी असे थांबायचे की वाटावं आता फलाट क्रमांक सांगतील. बायांनी अर्धी दुपार सहन केलं. मग अक्काने नानांना हात जोडले, म्हणाली, दादा, तुम्ही झोपा.

आणि तिने एक पापड लाटून आपल्या चळतीवर न ठेवता बाजूला, रिकाम्या सुपात टाकला. हा पोरीचा, म्हणाली. तिच्या शेजारणीनेही एक टाकला. मग रोज तसंच. प्रत्येक बाई आपली चळत लावताना मधूनच एखादा त्या सुपात टाकायची, न बोलता, पीठ झटकावं तितक्या सहज. मी वाचत होते. बाज भिंतीकडेला तशीच आडवी पडून होती, ती उभी करायची कोणालाच आठवण झाली नाही, मलाही नाही. गोणीतली पुस्तकं आम्ही वाचून काढली, जहाजाचं, एका राजाचं, मधमाश्या पाळण्याचं, हस्तरेषांचं. हस्तरेषांच्या पुस्तकाप्रमाणे अक्का चाळिशीतच वारायला हवी होती. तिने तळहात धुऊन परत दाखवला.

परवा नातीने मला मोबाइलवर एक बाई लावून दिली, ती पुस्तक वाचून दाखवते. छान वाचते. पण मी मधे विचारलं की मग काय झालं, तर ती थांबेना.

आखाजीला भाऊ मला न्यायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी सुपातल्या पापडांचे शेवटचे पैसे आत्याने माझ्या हातात ठेवले. मी एकटी दुकानात गेले. गर्दी होती. माझी पाळी आल्यावर मी नाणी तागडीत ठेवली, सवयीने. शेठ काट्याकडे बघायला लागले, मग त्यांना हसू आलं, त्यांनी नाणी उचलून मोजली आणि गल्ल्यात टाकली. नेहमी याच वेळी मी पळायचे. मागच्या दारात शेठाणी डाळ निवडायची थांबल्या होत्या. मी तिथेच उभी राहिले.

"फिटले ना शेठ?"

शेठनी वर बघितलं. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. म्हणाले, "फिटले बेटा. बठ्ठे फिटले."